जखम एकसारखी, जंतू वेगळा : दुर्मिळ बुरशी आणि बॅक्टेरिया कसे ओळखले जातात?

महिनोन्‌महिने औषध चालू आहे, पण जखम भरत नाही. ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. टीबीच्या गोळ्या सुरू आहेत, तरी वजन घटतच चाललं आहे. अशा रुग्णाच्या घरी बहुतेक वेळा दोनच गोष्टी बोलल्या जातात : औषध बदलू या, नाहीतर डॉक्टर बदलू या. हा आजार नेमक्या कोणत्या जंतूने झाला आहे, त्याची तपासणी झाली का, हा सवाल मात्र फार कमी घरांत विचारला जातो.

आम्ही डॉक्टर नाही, शाळेत शिकवणारी माणसं आहोत. कोणती गोळी घ्यावी हे सांगणं आमचं काम नाही आणि या लेखाचा तो हेतूही नाही. पण जंतूची ओळख कशी पटवली जाते, त्यात चूक कुठे होते आणि घरच्या माणसांनी काय केलं तर डॉक्टर आणि लॅबचं काम सोपं होतं, एवढं प्रत्येक कुटुंबाला माहीत असायला हवं. तेच इथे क्रमाने मांडतो आहोत.

नाव कळणं का गरजेचं?

संसर्ग करणारे जंतू अनेक जातींचे असतात. त्यातले दोन मोठे गट म्हणजे बॅक्टेरिया, ज्यांना आपण पाठ्यपुस्तकात जीवाणू म्हणतो, आणि बुरशी. दोघांची शरीररचना वेगळी, म्हणून औषधंही वेगळी. बॅक्टेरियावर चालणारं अँटिबायोटिक बुरशीवर काहीच काम करत नाही. बुरशीचं औषध बॅक्टेरियाला मारत नाही. इतकंच काय, एका बुरशीवर उत्तम चालणारं औषध दुसऱ्या बुरशीवर निकामी ठरतं.

रोजच्या दवाखान्यात डॉक्टर लक्षणं पाहून अंदाज बांधतात आणि औषध देतात. यात गैर काही नाही. बहुतेक आजार नेहमीच्या जंतूंनीच होतात, त्यामुळे हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. अडचण येते ती नेहमीच्या यादीत नसलेला जंतू असेल तेव्हा. मग औषध बरोबर दिलेलं असतं, पण ते भलत्याच जंतूसाठी असतं. रुग्ण बरा होत नाही, पैसा जातो आणि सर्वात मोठं नुकसान म्हणजे वेळ जातो.

मदुरा पाय : एक आजार, दोन गुन्हेगार

हे समजण्यासाठी सर्वात चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. शेतात अनवाणी चालताना पायात काटा मोडतो. काटा निघतो, माणूस विसरून जातो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्या जागी एक छोटी गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. हळूहळू पाऊल सुजतं, त्यावर छिद्रं पडतात आणि त्यातून पू येतो. त्या पुवात खसखशीसारखे बारीक दाणे असतात. न दुखणारी सूज, छिद्रं आणि दाणे या तीन खुणा एकत्र दिसल्या की तो आजार मायसेटोमा असण्याची शक्यता फार मोठी असते. दुर्लक्ष केलं तर जंतू हाडापर्यंत पोहोचतात आणि शेवटी पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

१८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यातून डॉ. गिल यांनी या आजाराचं वर्णन केलं. म्हणून लोक त्याला मदुरा पाय म्हणू लागले. पण तो कशाने होतो, याचा शोध घेण्याचं मोठं काम मुंबईत झालं. हेन्री वॅन्डाइक कार्टर हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकवत होते. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रेज अनॅटॉमी या जगप्रसिद्ध पुस्तकातली चित्रं त्यांनीच काढलेली. पुढे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जनही होते. त्यांनी पुवातले दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्यात बुरशी ओळखली आणि १८६० च्या सुमारास या आजाराला मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव दिलं. १८७४ मध्ये त्यांचा यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

कार्टर यांचं निरीक्षण बरोबर होतं, पण ती गोष्ट अर्धी होती. नंतरच्या संशोधकांना दिसलं की काही रुग्णांच्या दाण्यांत बुरशी नसतेच. तिथे असतात बुरशीसारखे धागे काढणारे बॅक्टेरिया. १९१३ मध्ये पिनोय या फ्रेंच संशोधकाने या आजाराचे दोन स्पष्ट भाग केले : एक बुरशीचा आणि एक बॅक्टेरियाचा. पाय दोघांतही तसाच सुजतो, छिद्रं तशीच पडतात. नुसतं पाहून खात्रीने फरक सांगणं कठीण.

इलाज मात्र दोन टोकांचा आहे. बॅक्टेरियाचा मायसेटोमा असेल तर को-ट्रायमोक्साझोल, अमिकासिन अशी अँटिबायोटिक्स डॉक्टर अनेक महिने देतात आणि बहुतेक रुग्णांचा पाय वाचतो. बुरशीचा असेल तर इट्राकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधं दीर्घकाळ घ्यावी लागतात, अनेकदा सोबत शस्त्रक्रिया करावी लागते आणि आजार उलटण्याचं प्रमाणही जास्त असतं. म्हणजे चुकीच्या गटात टाकलेला रुग्ण वर्षभर औषध खाऊन तिथल्या तिथेच राहतो.

मग ओळखायचं कसं? पहिली खूण दाण्यांच्या रंगात आहे. काळे दाणे म्हणजे बुरशी. मदुरेला मायसेटोमॅटिस ही बुरशी त्यात प्रमुख. लाल किंवा गुलाबी दाणे म्हणजे बहुधा ॲक्टिनोमदुरा पेलेटिएरी हा बॅक्टेरिया. पांढरे किंवा पिवळसर दाणे मात्र फसवे असतात. ते नोकार्डियासारख्या बॅक्टेरियाचे असू शकतात आणि बुरशीचेही. इथे रंग उपयोगाचा नाही, दाणा फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. बॅक्टेरियाचे धागे अतिशय बारीक, साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी जाडीचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बुरशीचे धागे त्याच्या दुप्पट ते पाचपट किंवा त्याहूनही जाड. एवढ्या फरकावर एका माणसाचा पाय अवलंबून असतो.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. भारतात राजस्थानच्या कोरड्या भागात बुरशीचा प्रकार जास्त दिसतो, दक्षिणेत बॅक्टेरियाचा. सुदानमध्ये हा आजार फार आहे. खार्तूमचं मायसेटोमा संशोधन केंद्र जगात या आजारासाठी नावाजलेलं होतं, पण २०२३ पासूनच्या युद्धात त्याची वाताहत झाली.

घरात करण्यासारखी एक साधी गोष्ट सांगतो. वुजू करताना आपण पाय धुतो, बोटांच्या सांध्यांतून पाणी फिरवतो. त्याच वेळी तळव्यावर आणि बोटांच्या मध्ये एक नजर टाकावी. न दुखणारी गाठ, न भरणारं छिद्र किंवा पुवात दाणे दिसले तर ते दाणे फेकून न देता डॉक्टरांना दाखवावेत. शुगर असलेल्यांनी तर हे रोज करावं.

लॅबमध्ये नेमकं काय घडतं?

नमुना लॅबमध्ये गेला आणि अहवाल आला, एवढंच आपल्याला दिसतं. मधल्या पायऱ्या अशा असतात :

१. थेट पाहणी. पू, थुंकी किंवा कापून घेतलेला मांसाचा तुकडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीसाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्याने मांसपेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे धागे दिसू लागतात. ही तपासणी त्याच दिवशी, अनेकदा तासा-दोन तासांत होते.

२. रंग देणं. ग्रॅम स्टेनमध्ये काही बॅक्टेरिया जांभळे दिसतात, काही गुलाबी. टीबीच्या जंतूसाठी वेगळा रंग वापरतात, जो आम्लाने धुतला तरी निघत नाही. नोकार्डिया हा जंतू सौम्य आम्लात रंग धरून ठेवतो, तीव्र आम्लात सोडतो. म्हणून साध्या टीबी तपासणीत तो निसटू शकतो किंवा त्याची टीबीशी गल्लत होऊ शकते.

३. कल्चर. नमुना पोषक माध्यमावर ठेवून जंतू वाढवतात. नेहमीचे बॅक्टेरिया एक-दोन दिवसांत वाढतात. नोकार्डियाला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात, काही बुरशींना चार ते सहा आठवडे. लॅबला संशयच कळवला नसेल तर ती नेहमीच्या मुदतीत प्लेट फेकून देते आणि 'वाढ नाही' असा अहवाल येतो. जंतू तिथे असतो, त्याला वेळ मिळालेला नसतो. माध्यमही जंतूप्रमाणे बदलतं. बुरशीसाठीच्या काही माध्यमांत बॅक्टेरिया रोखणारं औषध घातलेलं असतं. त्यावर नोकार्डिया किंवा ॲक्टिनोमदुरा वाढणारच नाहीत.

४. ओळख पटवणं. पूर्वी जंतू कोणती साखर वापरतो, कोणता वायू सोडतो, अशा रासायनिक चाचण्यांवरून नाव ठरवत. आजही ठरवतात. मोठ्या रुग्णालयांत आता माल्डी-टॉफ नावाचं यंत्र असतं. ते जंतूच्या प्रथिनांचा आलेख काढून आपल्या साठ्यातल्या आलेखांशी ताडून पाहतं आणि काही मिनिटांत नाव सांगतं. पण साठ्यात जो जंतू नाही, त्याचं नाव यंत्र कुठून सांगणार? ते गप्प बसतं, नाहीतर जवळपासच्या दुसऱ्या जंतूचं नाव सांगतं.

५. जनुक वाचणं. बाकी सगळं संपलं की जंतूच्या जनुकाचा ठराविक भाग वाचतात. बॅक्टेरियासाठी सोळा-एस हा भाग, बुरशीसाठी आयटीएस हा भाग. मदुरेलासारख्या बुरशी प्लेटवर अनेकदा बीजाणू धरत नाहीत, नुसता कापूस वाढावा तशा वाढतात. तिथे खात्रीचं नाव जनुकावरूनच मिळतं.

एक गोष्ट आणखी. प्लेटवर जंतू वाढला म्हणजे तोच गुन्हेगार, असं नसतं. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, प्लेटवर सहज पडतात. म्हणून तोच जंतू मांसाच्या तुकड्यात थेट दिसला का, किंवा दोन वेगवेगळ्या नमुन्यांत पुन्हा आला का, हे डॉक्टर पाहतात.

टीबीसारखे दिसणारे दोन बॅक्टेरिया

आपल्याकडे टीबी खूप आहे. त्यामुळे लांबलेला ताप, खोकला, घटणारं वजन, मणक्याचं दुखणं दिसलं की पहिला संशय टीबीचा येतो आणि तो रास्तच आहे. पण दोन जंतू हुबेहूब टीबीचं सोंग घेतात.

पहिला आजार मेलिओइडोसिस. जंतूचं नाव बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई. तो ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. भारतातल्या पहिल्या नोंदींपैकी एक १९९१ ची मुंबईतली, एका मुलाची आहे. आज पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कर्नाटकातल्या उडुपी-मणिपाल भागातून, याचे रुग्ण नियमित नोंदले जातात. भातशेती, पावसाळा आणि शुगर, या तिन्ही गोष्टी जुळल्या की धोका वाढतो. कोकणातल्या आपल्या घरांना हे चित्र अनोळखी नाही. फुप्फुसात डाग, यकृतात किंवा प्लीहेत गळू, सांध्यात पू, अशी त्याची रूपं असतात.

ओळखताना फसगत अशी होते की हा जंतू साध्या प्लेटवरही एक-दोन दिवसांत वाढतो, पण दिसतो स्यूडोमोनास या नेहमीच्या जंतूसारखा. अहवालात 'स्यूडोमोनास प्रजाती' असं लिहून विषय संपतो. जाणकार सूक्ष्मजीवतज्ज्ञ दोन खुणा पाहतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट, सेफ्टी पिनसारखा दिसतो. आणि जेंटामायसिन व कोलिस्टिन ही दोन्ही औषधं त्याच्यावर बहुधा चालत नाहीत. याचा इलाज दोन टप्प्यांचा आहे : आधी किमान दहा-चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, नंतर किमान तीन महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. दुसरा टप्पा अर्धवट सोडला तर आजार उलटतो. टीबीच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही.

दुसरा आजार ब्रुसेलोसिस. हा जनावरांकडून येतो. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांनी आजारी सैनिकांमध्ये हा जंतू शोधला. तो शेळीच्या कच्च्या दुधातून येतो, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित यांनी दाखवलं. ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे दुखतात. मणक्यावर परिणाम झाला तर एमआरआयमध्ये टीबीसारखंच चित्र दिसतं. वरून अडचण अशी की रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध ब्रुसेलावरही थोडं चालतं. रुग्णाला काही दिवस बरं वाटतं आणि टीबीच असल्याची गलतफहमी पक्की होते.

आपल्या समाजात शेळ्या-मेंढ्या पाळणारी, मांसाचा व्यवसाय करणारी, बकरी ईदला स्वतः कुर्बानी करणारी बरीच कुटुंबं आहेत. नीट शिजवलेलं मांस आणि उकळलेलं दूध यांतून धोका नाही. धोका आहे कच्च्या दुधात, गाभडलेल्या जनावराची वार किंवा पिल्लू उघड्या हाताने उचलण्यात आणि हाताला जखम असताना कापणी करण्यात. हातमोजे घाला, जखम झाकून घ्या, काम झाल्यावर साबणाने हात धुवा. आणि लांबलेल्या तापासाठी डॉक्टरांकडे गेलात तर जनावरांशी संबंध असल्याचं आपणहून सांगा. ही एक ओळ डॉक्टरांचा संशय योग्य दिशेला नेते.

हे सांगणं लॅबसाठीही आवश्यक आहे. ब्रुसेला आणि बर्कहोल्डेरिया हे दोन्ही जंतू प्लेट हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला श्वासावाटे लागू शकतात. आधी कळलं असेल तर ते सुरक्षित कक्षात काम करतात.

बुरशीतला फरक : म्युकर आणि ऑरिस

२०२१ ची दुसरी लाट कोणी विसरलेलं नाही. कोविडमधून उठलेल्या, शुगर वाढलेल्या कितीतरी रुग्णांना म्युकरमायकोसिस झाला. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा नोंद करण्याजोगा आजार जाहीर करायला सांगितलं. तेव्हा काळी, पांढरी, पिवळी बुरशी अशा नावांनी मोबाइलवर भीती पसरली होती. खरं म्हणजे काळा रंग बुरशीचा नाही. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते आणि मेलेली त्वचा, टाळू काळी पडते. मायसेटोमात दाण्यांचा रंग खूण म्हणून उपयोगी आहे, इथे तो दिशाभूल करतो.

सूक्ष्मदर्शकाखाली म्युकरचे धागे रुंद, फितीसारखे, आत पडदे जवळजवळ नसलेले आणि काटकोनात फुटणारे दिसतात. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे धागे बारीक, पडदे असलेले आणि तिरप्या कोनात फुटणारे. हा फरक जीवन-मरणाचा आहे, कारण ॲस्परजिलसवर पहिलं औषध म्हणून दिलं जाणारं व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. म्युकरला ॲम्फोटेरिसिन बी आणि तातडीची शस्त्रक्रिया लागते. या नमुन्याबाबत लॅबमध्ये एक जपणूक असते : तुकडा कुटून बारीक करत नाहीत, छोटे काप करतात. कुटला की म्युकरचे नाजूक धागे मरतात आणि कल्चर रिकामं येतं.

दुसरी बुरशी कॅन्डिडा ऑरिस. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून मिळालेली म्हणून ऑरिस, लॅटिनमध्ये कान. थोड्याच वर्षांत ती दिल्लीच्या रुग्णालयांत रक्तातल्या संसर्गात सापडली. आयसीयूमध्ये ती खाटेवर, उपकरणांवर, रुग्णाच्या त्वचेवर टिकून राहते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाते. फ्लुकोनाझोल हे नेहमीचं औषध तिच्यावर बहुधा चालत नाही. सुरुवातीच्या काळात ओळख पटवणारी यंत्रं तिला कॅन्डिडा हिम्युलोनी असं नाव देत, कारण त्यांच्या साठ्यात ऑरिस नव्हतीच. साठा अद्ययावत झाल्यावर माल्डी-टॉफ तिला बरोबर ओळखू लागलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. १९ नावांच्या त्या यादीत ऑरिस सर्वात वरच्या गटात आहे.

घरच्यांनी काय करावं?

• नमुना आधी, अँटिबायोटिक मग. औषधाचा डोस पडल्यावर रक्तात जंतू मिळणं कठीण होतं. रुग्ण गंभीर असेल तर औषध थांबवायचं नाही, पण रक्त घ्यायला काही मिनिटंच लागतात. 'इंजेक्शनच्या आधी कल्चरसाठी रक्त घेतलं का?' एवढं अदबीने विचारावं. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त जातं आणि बहुधा दोन जोड घेतात. 'इतकं रक्त कशाला काढता' म्हणून नर्सशी हुज्जत घालू नये.

• बायोप्सीचा तुकडा दोन ठिकाणी. हे सर्वात महत्त्वाचं. तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला की जंतू मरतो आणि त्यावर कल्चर होत नाही. फॉर्मेलिनमधला भाग पेशींच्या तपासणीसाठी असतो. कल्चरसाठी वेगळा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये जायला हवा. ऑपरेशनच्या आधीच सर्जनला विचारा : 'कल्चरसाठी वेगळा तुकडा पाठवणार का?' ऑपरेशन झाल्यावर विचारून उपयोग नाही.

• फॉर्म रिकामा सोडू नका. शुगर, किडनीचा आजार, शेती, जनावरं, काटा लागणं, अपघातात जखमेत माती जाणं, कच्चं दूध, परदेशवास, आयसीयूतला मुक्काम, आधी घेतलेली औषधं, हे सगळं एका कागदावर तारखांसह लिहून डॉक्टरांना द्या आणि लॅबच्या फॉर्मवर यायला हवं असं सांगा.

• नमुना वेळेत पोहोचवा. घरच्या माणसाकडे नमुना दिला असेल तर चहाला न थांबता थेट लॅबमध्ये जा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा की नाही, हे लॅबला विचारूनच ठरवा. काही बुरशींना थंडी चालत नाही.

• सुरू असलेलं औषध स्वतःहून बंद करू नका. हा लेख वाचून टीबीच्या गोळ्या सोडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. शंका असेल तर डॉक्टरांशी मशवरा करा : 'कल्चरने टीबी सिद्ध झाला आहे का? दोन महिन्यांत फरक नाही, पुन्हा नमुना घेता येईल का?'

• मलम, हळद, जडीबुटी जखमेवर लावली असेल तर लपवू नका. कोणी रागावलं तरी सांगा.

अहवालातले शब्द

'नो ग्रोथ' म्हणजे दिलेल्या मुदतीत काही वाढलं नाही. जंतू नाहीच, असा त्याचा अर्थ नाही. किती दिवस ठेवलं होतं, ते विचारा.

'कंटॅमिनंट' म्हणजे नमुना घेताना त्वचेवरून किंवा हवेतून आलेला जंतू. तोच पुन्हा आला तर मात्र दुर्लक्ष करू नये.

'स्पीशीज' किंवा 'प्रजाती' एवढंच लिहून नाव अर्धं सोडलं असेल, जसं 'स्यूडोमोनास प्रजाती' किंवा 'कॅन्डिडा प्रजाती', तर रुग्ण गंभीर असताना किंवा औषध लागू पडत नसताना पूर्ण नावासाठी जंतू मोठ्या लॅबकडे पाठवता येईल का, हे विचारावं.

'सेन्सिटिव्ह' म्हणजे औषध चालेल, 'रेझिस्टंट' म्हणजे चालणार नाही. पण कोणतं द्यायचं हे त्या यादीवरून मेडिकलवाल्याने किंवा आपण ठरवायचं नसतं.

पुढची तपासणी कुठे?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो. लहान लॅबमध्ये ओळख न पटलेला जंतू तिथे पाठवता येतो. ओळखायला कठीण बुरशींसाठी चंदिगडच्या पीजीआय संस्थेत राष्ट्रीय पातळीचं संदर्भ केंद्र आहे आणि देशभरातून नमुने तिथे जातात. पुण्याची एनआयव्ही अनेकांना माहीत असते, पण ती विषाणूंसाठी आहे, बुरशी-बॅक्टेरियासाठी नाही. नमुना पाठवण्याचं काम रुग्णालयाने करायचं असतं, नातेवाइकांनी डबा घेऊन प्रवासाला निघायचं नसतं. आपण फक्त विचारायचं आणि प्लेट किंवा तुकडा फेकून देण्याआधी विचारायचं.

सगळे जुने अहवाल, एक्स-रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावून ठेवा. डॉक्टर बदलला तरी ती फाइल बदलू नका. दुर्मिळ जंतू सापडतो तेव्हा अनेकदा त्याचा पहिला धागा सहा महिन्यांपूर्वीच्या एखाद्या कागदावर आधीच लिहिलेला असतो.